हरलो कोणामुळे?

संध्याकाळी फिरायला निघालो की एका पानठेल्याजवळ माझे पाय आपोआप थांबतात. पान मी खात नाही (दातच फारसे उरले नाहीत!), पण तिथे जमणारी पोरं म्हणजे एक तर माझे जुने विद्यार्थी, नाही तर जुन्या विद्यार्थ्यांची पोरं. "या जी सर, बसा" म्हणून स्टूल पुढे करतात. मास्तरला निवृत्तीनंतर एवढा मान मिळाला की पेन्शनमध्ये भर पडल्यासारखं वाटतं.

परवा तिथे जोरात वाद चालला होता. विषय जुनाच. मार्च २०२४ चा रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध विदर्भ. त्यानंतर २०२५ मध्ये आपण करंडक जिंकला, तरी हा वाद काही मिटत नाही. जिंकलेल्या सामन्यावर माणसं दहा मिनिटं बोलतात, हरलेल्यावर दहा वर्षं. मी बसतो न बसतो तोच एकाने विचारलं, "सर, तुम्हीच सांगा, आपण तेव्हा कोणामुळे हरलो?"

मी उत्तर दिलं नाही. "उद्या सांगतो" म्हटलं आणि घरी आलो. पण तो 'कोणामुळे' हा शब्द रात्रभर डोक्यात राहिला. का राहिला ते पुढे सांगतो.

आमच्या सूनबाई आणि इतर काही नातेवाईक क्रिकेट पाहत नाहीत, म्हणून आधी थोडक्यात हकीकत. १० ते १४ मार्च २०२४, मुंबईचं वानखेडे मैदान. विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकर. त्याने नाणेफेक जिंकली आणि आधी गोलंदाजी घेतली. मुंबईची अवस्था ६ बाद १११ झाली. त्यानंतर शार्दूल ठाकूरने ७५ धावा केल्या आणि मुंबई २२४ वर पोचली. आपला पहिला डाव १०५ धावांत संपला. मुंबईने दुसऱ्या डावात ४१८ केल्या, त्यात मुशीर खानच्या १३६. आपल्यापुढे ५३८ चं लक्ष्य. चौथ्या दिवशी संध्याकाळी आपण ५ बाद २४८.

पाचव्या दिवशी मात्र गंमत झाली. वाडकर आणि हर्ष दुबे यांनी सकाळचं अख्खं सत्र खेळून काढलं, एक गडी पडू दिला नाही. जेवणाच्या वेळेला ५ बाद ३३३. इथे पानठेल्यावर चुन्याच्या डबीला कोणी हात लावत नव्हतं म्हणे! वाडकरचं शतक झालं आणि पोरांना स्वप्नं पडू लागली. मग तनुष कोटियनने वाडकरला १०२ वर पायचीत केलं, आणि ५ बाद ३५३ वरून आपण ३६८ वर सर्वबाद. शेवटचे पाच गडी १५ धावांत गेले. १६९ धावांनी पराभव. मुंबईचा तो ४२ वा रणजी करंडक.

आता पोरांची विश्लेषणं ऐका.

एक म्हणतो, नाणेफेक जिंकून फलंदाजी घ्यायला पाहिजे होती, तिथेच हरलो. दुसरा म्हणतो, वाडकरने तो एक चेंडू नीट खेळायला पाहिजे होता. तिसरा म्हणतो, वाडकर गेल्यावर बाकीच्यांनी हाय खाल्ली, शेपूटच नाही आपल्याला. चौथा म्हणतो, सामना नागपूरला असता तर दाखवलं असतं. प्रत्येकाकडे एकेक आरोपी तयार. मुंबई चांगली खेळली, असं मात्र चौघांपैकी एकानेही म्हटलं नाही. जणू मैदानात एकच संघ होता आणि तो स्वतःशीच हरला!

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, गणिताचे तास कमीच घेतले. पण रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बेरीज-वजाबाकी मांडून पाहिली. पहिल्या डावात मुंबई २२४, आपण १०५. फरक ११९. दुसऱ्या डावात मुंबई ४१८, आपण ३६८. फरक ५०. एकशे एकोणीस आणि पन्नास, एकशे एकोणसत्तर. तेवढ्यानेच आपण हरलो.

म्हणजे ज्या शेवटच्या पाच गड्यांवरून इतका वाद, त्या डावात आपण मुंबईच्या ५० च धावा मागे होतो. पराभवाचा मोठा हिस्सा दुसऱ्या दिवशीच ठरला होता. आणि तो पहिला डाव तरी बघा. ६ बाद १११ नंतर मुंबईच्या शेवटच्या चार गड्यांनी ११३ धावा जोडल्या. आपल्या अकराही जणांनी मिळून १०५. ६ बाद १११ करून दाखवणारा नाणेफेकीचा निर्णय चुकला असं कसं म्हणायचं? निर्णय बरोबरच होता. पण समोरच्याकडे आठव्या क्रमांकाला शार्दूल ठाकूर होता, भारताकडून कसोटी खेळलेला. याला आपली चूक म्हणत नाहीत, याला त्यांचं बळ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं पोरांना सांगितलं. त्यातला एक हुशार (तो शाळेतही असाच उलटे प्रश्न विचारायचा) म्हणाला, "म्हणजे सर, ते भारी होते म्हणून हरलो, एवढंच ना? मग बोलायचंच कशाला? घरी जाऊन झोपू."

प्रश्न रास्त आहे. "ते भारी होते" असं म्हणून हात झटकणं ही सुद्धा एक पळवाटच. माझं म्हणणं एवढंच, की ते वाक्य विश्लेषणाच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवावं. ते भारी होते हे मान्य केलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, ते भारी का आहेत? आणि हा प्रश्न "वाडकरने तो चेंडू असा का खेळला" यापेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे. तो चेंडू होऊन गेला, परत येणार नाही.

मुंबईचा मुलगा शाळेत असतानाच हॅरिस शिल्ड आणि गाइल्स शिल्ड खेळतो. १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, ती हॅरिस शिल्डमध्येच. ती शाळकरी पोरांची स्पर्धा आहे हो! मग पावसाळ्यात कांगा लीग. ही स्पर्धा १९४८ मध्ये सुरू झाली. ओल्या खेळपट्टीवर, चेंडू कसाही उडत असताना तिथे खेळायचं. आपल्याकडे त्याच दिवसांत काय चाललेलं असतं? पोरं बांधीत रोवण्याला, आणि शाळेच्या मैदानात गुडघाभर चिखल. मुंबईने १९५८-५९ पासून सलग १५ वर्षं रणजी करंडक जिंकला. एका चेंडूने किंवा एका नाणेफेकीने हे होत नसतं. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली गोष्ट आहे ती.

आणि विदर्भ वर आला तो तरी कसा? १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून आपण पहिल्यांदा रणजी जिंकलो, फैज फझलच्या नेतृत्वाखाली. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, मुंबईचे. संघात वसीम जाफर, तोही मुंबईचा. पुढच्या हंगामात त्याने हजाराच्या वर धावा केल्या आणि आपण पुन्हा जिंकलो. म्हणजे ज्यांच्याकडून हरायचो त्यांच्याच घरचं शहाणपण आपण आणलं आणि आपल्या पोरांना दिलं. यात कमीपणा कसला? आपल्या शेतापेक्षा शेजाऱ्याचं धान चांगलं आलं तर त्याला शिव्या द्यायच्या, की त्याला बियाणं विचारायचं?

आता तो 'कोणामुळे' शब्द मला का टोचला, ते सांगतो. हे मी घरी सुद्धा कधी नीट सांगितलं नव्हतं.

१९८६ ची गोष्ट. शाळेत कबड्डीचा संघ माझ्याकडे होता. आमची पोरं तालुक्याला जिंकून भंडाऱ्याला जिल्हास्तरावर गेली. तेव्हा गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होतं. आमच्यासमोर एका मोठ्या गावच्या शाळेचा संघ आला. त्यांच्या पायात बूट, आमची पोरं अनवाणी. ते वर्षभर सराव करून आलेले, आमचा सराव दिवाळीनंतरचा, धान कापून झाल्यावरचा. आमच्यावर दोन लोण चढले. तरी पोरं झुंजली. अगदी शेवटची चढाई आमच्या सगळ्यात चपळ मुलाने केली. मध्यरेषेजवळ परत येता येता त्याची पकड झाली, आणि शिट्टी वाजली.

परत येताना एस.टी.त सगळे तेच बोलत होते. हा वळला नसता तर, हा आधीच परतला असता तर. मी मोठा माणूस, मास्तर. मी थांबवायला हवं होतं. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, त्याच्याकडे बघून म्हणालो, "एकाच्या घाईने सगळ्यांचं नाक कापलं गेलं."

तो मुलगा त्यानंतर मैदानावर आला नाही. मी एक-दोनदा बोलावलं, मग मी पण विसरलो. दहावीनंतर तो शेतीत लागला.

काही वर्षांपूर्वी जुने कागद आवरताना त्या स्पर्धेची माझी वही सापडली. गुणफलक मीच लिहून ठेवला होता. आम्ही १४ गुणांनी हरलो होतो. चौदा! आणि ती शेवटची पकड एका गुणाची. ती चढाई यशस्वी झाली असती तरी आम्ही हरणारच होतो. वही हातात धरून मी बराच वेळ पलंगावर बसून राहिलो. आकडे तेव्हाही माझ्याच अक्षरात होते. मग मी तसं का बोललो? कारण शेवटचं दृश्य डोळ्यांत राहतं. आणि दुसरं कारण जास्त खरं, दोष त्याच्यावर टाकला की माझ्यावर येत नव्हता. सराव उशिरा सुरू केला तो मी. बुटांसाठी पैसे मागायला कोणाकडे गेलो नाही तो मी.

वही सापडल्यावर मी त्याच्याकडे गेलो. आता तो पन्नाशीच्या पुढचा माणूस. धुऱ्यावर उभा राहून पाणी बघत होता. मी सगळं सांगितलं, वही दाखवली. त्याने वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "चौदानं हरलो होतो का जी सर? मला तर एकानं हरलो असंच वाटत होतं."

जवळजवळ चाळीस वर्षं त्याला तसं वाटत होतं. मला पुढे काही बोलता आलं नाही. त्यानेच मला बसवलं, चहा मागवला.

म्हणून पानठेल्यावरच्या पोरांना मी एवढंच सांगितलं. विश्लेषण करा, जरूर करा, त्यानेच खेळ कळतो. पण आधी गुणफलक पूर्ण वाचा, शेवटची ओळ तेवढी वाचू नका. समोरच्याचं बळ मोकळ्या मनाने मोजा. मग आपल्या हातात काय होतं ते पाहा. आणि एका माणसाचं नाव घ्यायचंच असेल, तर त्याच्या जागी आपला मुलगा उभा आहे असं समजून घ्या.

ज्यांच्या नावाने ती पोरं ओरडत होती, त्यांनी पुढे काय केलं तेही बघा. फेब्रुवारी २०२५, नागपूर, उपांत्य सामना, समोर पुन्हा मुंबई. यश राठोडने दुसऱ्या डावात १५१ केल्या. २०२४ च्या त्या १०५ धावांच्या डावात सर्वाधिक २७ धावा याच राठोडच्या होत्या. हर्ष दुबेने दुसऱ्या डावात पाच गडी टिपले. मुंबई ८० धावांनी हरली. त्या हंगामात हर्षने ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. मग अंतिम सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक आपला. कर्णधार? तोच अक्षय वाडकर. 'त्याच्यामुळे हरलो' म्हणून त्याला काढून टाकलं असतं तर?

माझ्या त्या विद्यार्थ्याला असं 'पुढच्या वर्षी' मिळालं नाही, ते माझ्यामुळे. इथे मात्र 'कोणामुळे' हा शब्द अगदी बरोबर बसतो.

असो. बरंच लिहिलं. त्याचा नातू आता पाचवीत आहे आणि शाळेच्या मैदानात कबड्डी खेळतो असं कळलं. पुढच्या रविवारी बघायला जाणार आहे. मागच्या बाजूला गप्प उभा राहीन म्हणतो.