पिकअपचें डिझेल आणि घरची वही

पूर्वीं वऱ्हाडांतील शेतकरी कुटुंबांत बैलजोडीच्या खाण्याचा हिशेब घरांतील वडील माणसांच्या जिभेवर असे. कडबा किती, कुटार किती, सरकीची ढेप किती, आणि पेरणीच्या दिवसांत त्यांत भर किती घालावयाची, हें कोणास विचारावें लागत नसे. आज आमच्या शेलूबाजारांत पुष्कळ घरीं त्या दावणीच्या जागीं पिकअप उभी आहे. सोयाबीन, तूर, हरभरा बाजारांत नेणें, बीं-खत आणणें, प्रसंगीं लग्नाचें सामान वाहणें, हीं सर्व कामें ती करते. परंतु ती खाते किती, असें विचारलें असतां उत्तर बहुधा "पुष्कळ" एवढेंच मिळतें. दुधाच्या रतिबाची खूण ज्या घरांत नेमानें होते, त्याच घरांत डिझेलची खूण मात्र कोठेंच नसते.

इंधन हा शब्द 'इन्ध्' म्हणजे पेटविणें या संस्कृत धातूपासून झाला आहे, आणि समिधा हा शब्दही त्याच धातूचा. समिधा मोजून वाहण्याची आपली रीत आहे. डिझेलही तसेंच मोजून जाळावें, एवढेंच या लेखाचें सांगणें.

मोजण्याची रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरावी व किलोमीटरचा आंकडा टिपून ठेवावा. पुढील खेपेस त्याच पंपावर पुन्हां टाकी पूर्ण भरावी. जेवढें डिझेल मावलें तेवढेंच मधल्या प्रवासांत जळलें. झालेल्या किलोमीटरांस त्या लिटरांनीं भागावें. एका खेपेवरून निष्कर्ष काढूं नये. चार-पांच खेपांची सरासरी घ्यावी. वहींत तारीख, किलोमीटर, लिटर, माल आणि मार्ग असे पांच रकाने पुरेत. महिन्यास २,५०० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर २०८ लिटर लागतात. तीच १४ देऊं लागली, तर १७९ लिटरांत काम भागतें. वर्षाकांठीं सुमारें ३५० लिटर वांचले. डिझेल ९० रुपये लिटर धरलें, तरी ही रक्कम ३० हजारांच्या वर जाते.

वहीचा दुसरा उपयोग पैशांहून मोठा आहे. येथील एका एकत्र कुटुंबांत डिझेलचा खर्च एकाएकीं वाढला. गाडी चालविणारा मुलगा घरचा नव्हता, पण कित्येक वर्षें घरच्यासारखाच वावरत होता. तेल कोठेंतरी काढलें जात असावें, असा संशय वडील मंडळींच्या मनांत शिरला. उघड कोणी बोललें नाहीं. तथापि हाक मारण्यांतील सूर बदलला, आणि तो त्या मुलास कळला. थोरल्या सूनबाईंनीं सहा आठवडे वही लिहिली. जवळची फेरी असो कीं लांबची, रिकामी असो कीं भरलेली, प्रत्येक फेरींत गाडी सारख्याच प्रमाणांत कमी पडत होती. चोरीची तूट अशी नेमस्त नसते, दोष गाडींतच असला पाहिजे, असा त्यांनीं तर्क केला व गाडी मिस्त्रीकडे धाडविली. त्यानें चाकें उचलून हातानें फिरवून पाहिलीं, तों मागच्या एका चाकाचा ब्रेक पुरता सुटतच नव्हता! दुरुस्तीचे पैसे द्यावयास वडील स्वतः गेले, आणि जातांना त्या मुलाशेजारीं पुढच्या बैठकीवर बसून गेले. म्हणून प्रवासानंतर एकच चाक इतरांहून फार तापलेलें आढळलें, तर ती सूचना समजावी.

आतां वेगाविषयीं. नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा सबंध मार्ग पूर्ण झाला. शेलूबाजारजवळच त्यावर चढतां येतें. मार्ग असा सरळ व सपाट असला म्हणजे पाय आपोआप दाबला जातो. परंतु वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग ६० वरून ८० केला म्हणजे तो विरोध जवळजवळ पावणेदोनपट होतो, आणि पिकअपचा उभा तोंडवळा व उघडा हौदा वाऱ्यास अडवितो तो निराळाच. १६० किलोमीटर जाण्यास ८० च्या वेगानें दोन तास, ६० च्या वेगानें दोन तास चाळीस मिनिटें लागतात. त्या चाळीस मिनिटांची किंमत प्रत्येकानें आपल्याशीं ठरवावी. मालवाहू गाडीस तेथें ८० ही कमाल मर्यादा आहे. ती गांठलीच पाहिजे असा नियम नाहीं. डाव्या मार्गिकेनें शांतपणें जावें. पेट्रोलियम कंझर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही १९७८ सालीं स्थापन झालेली संस्था तर ताशीं ४५ ते ५५ किलोमीटर हाच वेग काटकसरीचा म्हणून सांगत आली आहे. गांवच्या रस्त्यांवर तो सहज पाळतां येतो.

टायरांतील हवा सकाळीं, चाकें थंड असतांना तपासावी. भरल्या व रिकाम्या गाडीचें हवेचें माप वेगवेगळें असूं शकतें. तें गाडीसोबतच्या पुस्तिकेंत पाहावें. हवा कमी असली म्हणजे टायर अधिक दबतो, डिझेल अधिक जळतें आणि टायर तापतो. वैशाखांतील उन्हांत सिमेंटच्या रस्त्यावर असा तापलेला टायर फुटला, तर प्रश्न पैशांचा राहत नाहीं.

हवेचा फिल्टर आमच्याकडील धुळींत लवकर भरतो. तो वेळेवर बदलावा. ताडपत्री फडफडूं न देतां घट्ट बांधावी. बाजारांत मापाची वाट पाहतांना इंजिन बंद ठेवावें. उभ्या गाडीचें इंजिनही तासाला सुमारें अर्धा ते एक लिटर जाळतें. उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची खोड मात्र अवश्य सोडावी. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्यें असतां पाय उचलला, कीं डिझेलचा पुरवठा आपोआप तुटतो. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन जिवंत ठेवण्यास तें जळतच राहतें, आणि ब्रेकांवर भार पडतो तो वेगळा.

टाकींत ओतावयाच्या चमत्कारी बाटल्यांच्या नादीं लागूं नये. खरी उधळपट्टी बहुधा घरांतूनच सुरू होते. सकाळीं एक वस्तु विसरली म्हणून दुपारीं दुसरी फेरी, परततांना रिकामा हौदा, आणि घरून "लौकर ये" असा फोन! त्या एका शब्दानें चालकाचा पाय किती दबतो, याचा विचार आपण करीत नाहीं.

तेव्हां वही आजच घालावी. ती लिहिण्याचें काम शाळेंत जाणाऱ्या मुलाकडे द्यावें. भागाकाराचा सरावही होईल. आणि वांचलेल्या रकमेंतील कांहीं हिस्सा चालकास द्यावा, कारण काटकसर अखेर त्याच्याच पायानें व्हावयाची असते.