बस्ता बांधायला आलेल्यांना काच दिसत नाही

लग्नसराई आली की लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूरकडून जीप भरून माणसे बस्ता बांधायला निघतात. कोणी नांदेडच्या वजिराबादेत उतरते, कोणी लातूरच्या गंजगोलाईत. आजी, मावश्या, कडेवरची पोरे, पिशव्या सांभाळणारा एखादा मामा, असा सगळा गोतावळा दुकानात शिरतो. हल्ली मोठ्या दुकानांनी गाद्या गुंडाळल्या, एसी बसवला आणि दर्शनी बाजूला छतापर्यंत काच लावली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एसी हवाच, आणि एसी हवा तर दार बंद हवे. काही ठिकाणी ते दार आता सेन्सरवर आपोआप सरकते. दुकानाची शान वाढते, यात वाद नाही.

पण बाहेरच्या लख्ख उन्हातून येणाऱ्याला पुसून चकचकीत केलेली काच दिसत नाही. नोकराने ती जितकी मन लावून पुसावी, तितका धोका वाढतो.

जून 2020 मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात, पेरुंबावूरच्या एका बँकेतून घाईने बाहेर पडणारी महिला काचेच्या दारावर आदळली. काच फुटली, तिचे तुकडे पोटात घुसले आणि त्या महिलेचा जीव गेला. साधी काच फुटते तेव्हा तिच्या लांब, सुरीसारख्या धारदार फाका होतात. टफन्ड काच फुटली तर तिचे बारीक, बोथट दाणे होतात. माणसाची धडक बसू शकेल अशा जागी कोणती काच लावायची, याचे भारतीय मानक उपलब्ध आहे, आयएस 16231 चा चौथा भाग. दोन काचांच्या दरांत फरक आहेच, पण दुकानाच्या सजावटीवर होणाऱ्या खर्चापुढे तो किरकोळ.

आपोआप सरकणाऱ्या दाराचे दुखणे निराळे. वरचा सेन्सर येणाऱ्याची चाहूल घेतो. दाराच्या मधोमध कोणी थबकले असेल तर ते ओळखायला वेगळा सेन्सर लागतो. तो नसेल किंवा धुळीने मंदावला असेल, तर पदर सावरायला थांबलेल्या आजींवर दार येऊन आपटते. आणि लाईट गेली की काय? ती आपल्याकडे जातेच. बॅटरी असलेले दार अशा वेळी उघडून उभे राहते किंवा निदान हाताने ढकलता येते. तशी सोय नसेल तर आतली गर्दी काचेमागे कोंडते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी आग लागली, तेव्हा बाल्कनीत वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेर पडण्याची वाट अडवलेली होती. 59 जण मेले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये भरपाईचा 85 टक्के भार चित्रपटगृहाच्या मालकांवर टाकला.

जागेचा मालक जबाबदार असतो, हे आपल्या न्यायालयांनी त्याआधीच सांगितले होते. चांदणी चौकातले जुने घंटाघर 1951 मध्ये कोसळून माणसे मेली. बांधकामातला दोष वरून दिसत नव्हता, असा बचाव दिल्लीच्या पालिकेने केला. सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये तो फेटाळला. दोष दिसणारा असो वा दडलेला, इमारत राखणे मालकाचे काम. रस्त्याने सहज जाणाऱ्याबाबत हा न्याय असेल, तर जाहिराती लावून बोलावलेल्या गिऱ्हाइकाबाबत तो जास्तच लागू व्हायला हवा.

‘आमची जबाबदारी नाही’ अशा पाट्यांचेही फार काही चालत नाही. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलने पार्किंगसाठी ताब्यात घेतलेली मोटार 1998 मध्ये चोरीला गेली. पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्वतःच्या निष्काळजीपणावर असे पांघरूण घालता येणार नाही, म्हणून हॉटेललाच जबाबदार धरले.

तरीही जखमी गिऱ्हाइकाची वाट सोपी नाही. इंग्लंडमध्ये जागेच्या ताबेदाराच्या जबाबदारीचा स्वतंत्र कायदा 1957 पासून आहे, आपल्याकडे तसा नाही. ज्याने खरेदी केली तो जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटी म्हणून दाद मागू शकतो. मुदत दोन वर्षे, आणि खरेदी 5 लाखांपर्यंतची असेल तर शुल्कही नाही. पण ज्याने अजून काहीच घेतले नाही, नुसता आत शिरतानाच ज्याचे कपाळ फुटले, तो ग्राहक कायद्याच्या अर्थाने ग्राहक ठरणे कठीण. त्याने दिवाणी न्यायालयाचे उंबरे झिजवायचे! पाच मिनिटांनी, बिल झाल्यावर दार लागले असते तर बरे झाले असते, असे म्हणायची ही वेळ.

महाराष्ट्रात लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांसाठी 2017 चा कायदा आहे, दारासाठी मात्र काही नाही. त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचेही कारण नाही. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा नीट चालते, असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. त्याच तपासणीत दारही घ्यावे. लाईट घालवून ते उघडते का पाहावे, काच कोणती आहे ते पाहावे, मोठ्यांच्या आणि पोरांच्या नजरेच्या उंचीवर पट्ट्या चिकटवल्यात का तेही पाहावे. नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिकांनी मनावर घेतले तर हे जमण्यासारखे आहे.

दुकानदारांनीही आपली विमा पॉलिसी एकदा उघडून बघावी. मालाचा, आगीचा, चोरीचा विमा बहुतेक जण काढतात. त्याच पॉलिसीत गिऱ्हाइकाला झालेल्या इजेच्या भरपाईचे कलमही घेता येते.

आणि कोणाला दार लागलेच, तर नुसता बर्फ लावून घरी जाऊ नये. मॅनेजरकडे लेखी तक्रार द्यावी, बिल आणि दवाखान्याचे कागद जपावेत, आणि सीसीटीव्हीचे चित्रण राखून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी करावी. जुन्या चित्रणावर नवे चढायला फार दिवस लागत नाहीत.