पाचट पेटवून हरित ऊर्जेच्या गप्पा!

प्रवराकाठी १९५०-५१च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना चालवून दाखवला. त्या बंडाचे वारसदार म्हणवणारे आज काय चालवतात? पॅनेल, फ्लेक्स आणि सत्कार! फडातली ऊसतोड संपली की पाचटाला काडी लावायची आणि चेअरमनसाहेबांनी व्यासपीठावरून हरित ऊर्जेचे प्रवचन झोडायचे, हा आमच्या नगर जिल्ह्याचा (आता अहिल्यानगर म्हणा) पुरोगामीपणा!

खरी हरित ऊर्जा तर याच उसाच्या टाकाऊत दडली आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स ड्युमेसिक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्येच दाखवून दिले, की वनस्पतीजन्य साखर पाण्यात विरघळवून, दाबाखाली उकळी न फुटू देता सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापवली आणि सोबत प्लॅटिनमचा उत्प्रेरक ठेवला, तर हायड्रोजन सुटतो. पुढच्याच वर्षी प्लॅटिनमऐवजी स्वस्त निकेल-कथिलावरही त्यांनी ते साधले. पाणी ३७४ अंश आणि २२१ बारच्या पलीकडे नेले, तर ओल्या चोथ्याचाही वायू होतो. वाळवणाचा खर्चच नाही! आमचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निम्मा पाणीच असतो. आसवनीच्या स्पेंटवॉश या सांडपाण्याबद्दल तर बोलायलाच नको.

अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. क्षार साचून नळ्या तुंबतात, उत्प्रेरक निकामी होतो, पोलाद झिजते. बगॅस आज बॉयलरमध्ये जळून वीज देतो आणि रानात कुजवलेले पाचट जमिनीला हवेच असते. सगळे उचलून भट्टीत घाला, असा आचरटपणा आम्ही सांगणार नाही. पण जे नुसते जळते आणि जे नुसते नासते, त्याचे काय? केंद्राने २०२३च्या जानेवारीत हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींची मोहीम मंजूर केली. त्याच वर्षीच्या निकषांत जैवभारापासूनचा हायड्रोजनही धरला. राहुरीचे कृषी विद्यापीठ दारात, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा काही तासांवर. मग अडले कुठे? संचालकांच्या इच्छेवर!

जिल्ह्यातल्या एका, फक्त एका कारखान्याने या संस्थांना सोबत घेऊन छोटा चाचणी संच उभारावा. उष्णता किती घातली, वायू किती निघाला, उत्प्रेरक किती तास टिकला, हे वार्षिक अहवालात छापावे. प्रयोग फसला तरी छापावे. आणि सभासदांनो, ही मागणी आजच लेखी द्या. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीत ती ढकलली, तर त्याच सभेत उभे राहून जाब विचारा.