फीची आठवण करा, पण वर्गाच्या ग्रुपवर नको

‘खालील विद्यार्थ्यांची फी बाकी आहे’ आणि खाली नावांची यादी. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज पडला की तो फक्त पालक वाचत नाहीत. घरात फोन एकच असेल तर मुलंही वाचतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कुजबुज सुरू होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांच्या मानसिक छळाला मनाई आहे. चारचौघांत थकबाकीची यादी लावणं त्यापासून फार लांब नाही.

शाळेलाही पगार, वीजबिल भागवायचं असतं, हे मान्य. मग पालकांच्या वैयक्तिक नंबरवर लिहा: ‘नमस्कार. आपल्या मुलीच्या दुसऱ्या हप्त्याचे ४,५०० रुपये जमा झालेले दिसत नाहीत. १५ तारखेपर्यंत भरावेत, ही विनंती. भरले असल्यास पावतीचा फोटो पाठवावा. अडचण असल्यास कार्यालयात भेटावे, मार्ग काढू.’

पहिल्याच मेसेजला ‘अंतिम सूचना’ कशाला? अनोळखी नंबरवरून पेमेंट लिंक तर नकोच. फसवणुकीच्या भीतीने पालक ती उघडणारच नाहीत. आणि आरटीईच्या २५ टक्के जागांवरची मुलं यादीतून आधी वगळा. त्यांचं शिक्षण मोफत आहे.