धुळीचा जमाखर्च

१९३५ साली अमेरिकेतील एका सरकारी खात्याने सहा हजार डॉलरची एक रक्कम मंजूर केली. खाते होते उद्ध्वस्त शेतकऱ्यांच्या पुनर्वसनाचे. त्याच्या खर्चाच्या यादीत बियाणे, जनावरे, कर्जे, नव्या वसाहती अशा बाबी असणे स्वाभाविकच होते. ही रक्कम मात्र एका चित्रपटासाठी होती, आणि त्या चित्रपटाचा विषय होता माती. ज्यांच्या हाती ती सोपविली गेली, त्या पेअर लॉरेन्ट्झ यांनी तोवर एकही चित्रपट काढलेला नव्हता; ते चित्रपटांची परीक्षणे लिहीत. चित्रपटाचे नाव ठरले ‘द प्लाऊ दॅट ब्रोक द प्लेन्स’, म्हणजे मैदाने मोडणारा नांगर.

पेढीवर बसणाऱ्या कोणाही व्यवहारी माणसाला हा सौदा कच्चा वाटेल. अन्नाला महाग झालेल्या शेतकऱ्याच्या नावाने आलेला पैसा पडद्यावरच्या सावल्यांवर का खर्चावा, हा प्रश्न गैर नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी त्या मातीचे काय झाले होते ते पाहावे लागते. आणि ती हकीकत, व्यापारी कुटुंबांना याचे नवल वाटू नये, बाजारभावापासून सुरू होते.

कॅन्सस, कोलोरॅडो, ओक्लाहोमा, टेक्सास आणि न्यू मेक्सिको ही राज्ये जेथे एकमेकांना भिडतात, तेथली मैदाने मुळात गवताची. पाऊस बेताचा, वारा अखंड. पण गवताच्या मुळांनी माती घट्ट धरून ठेवलेली. पहिल्या महायुद्धात रशियाचा गहू युरोपात पोहोचेनासा झाला, भाव चढला, आणि १९१७ साली अमेरिकी सरकारने बुशेलला, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोंना, दोन डॉलरांची हमी दिली. गवत नांगरून गहू पेरण्याची एकच धांदल उडाली. ट्रॅक्टर आल्यावर तिला आणखी वेग आला. युद्ध संपून भाव उतरला, तेव्हा कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी लोकांनी पेरा कमी करण्याऐवजी वाढविला. थोड्या नफ्यावर जास्त माल, हे गणित दुकानात पुष्कळदा जुळते. जमिनीत ते जुळले नाही. १९३१ पर्यंत भाव अर्ध्या डॉलरच्याही खाली घसरला, त्याच सुमारास अवर्षण सुरू झाले, आणि उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर निघाली. मे १९३४ मध्ये मैदानांतील धूळ थेट न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर उतरली. १४ एप्रिल १९३५ हा दिवस तेथे आजही ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. भर दुपारी सूर्य दिसेनासा झाला होता.

त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा संमत झाला. त्यामागे ह्यू बेनेट या मृदाशास्त्रज्ञाची अनेक वर्षांची खटपट होती. धुळीचे वादळ वॉशिंग्टनच्या दिशेने येत असल्याची खबर बेनेट यांना आधीच लागली होती, म्हणून सिनेटच्या समितीपुढील आपले निवेदन त्यांनी मुद्दाम लांबविले, अशी आख्यायिका सांगितली जाते. तपशील काहीही असो, तिच्यातले मर्म खरे आहे. जे आकडे वर्षानुवर्षे कोणी मनावर घेतले नव्हते, ते खिडकीबाहेर अंधार दाटल्यावर मनावर घेतले गेले. मातीची अडचण हीच. पूर दिसतो, वणवा दिसतो. माती एका पावसाळ्यात कागदाएवढ्या थराने जाते आणि शेत पहिल्यासारखेच दिसत राहते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे अवघी दोन-तीन सेंटिमीटर माती तयार होण्यास हजार वर्षांपर्यंत काळ लागू शकतो. एवढ्या संथ गतीने जमा होणारी आणि एवढ्या निःशब्दपणे नावे पडणारी दुसरी पुंजी क्वचितच असेल. जे डोळ्यांना दिसत नाही ते दिसेल असे करणे, हे काम कायद्याला साधत नाही. सहा हजार डॉलर त्या कामासाठी होते.

पुनर्वसन खात्याने छायाचित्रकारही नेमले होते. रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली आर्थर रोथस्टाइन, डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स यांच्यासारखे कलावंत गावोगाव फिरत होते. एप्रिल १९३६ मध्ये ओक्लाहोमाच्या सिमॅरॉन परगण्यात रोथस्टाइन यांनी टिपलेले एक छायाचित्र पुढे जगभर गेले: धुळीत अर्धे गाडलेले लाकडी खोपट, वादळाला तोंड देत वाकून चालणारा शेतकरी आणि त्याची दोन मुले. त्यात माती कोठेच ‘दाखविलेली’ नाही. ती हवेतच आहे. हजार पानांच्या अहवालाने जे साधले नसते ते त्या एका चौकटीने साधले, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

चित्रपटाची वाट अधिक खडतर निघाली. लॉरेन्ट्झ आणि त्यांचे कॅमेरामन यांचे चित्रीकरणाच्या दौऱ्यातच बिनसले. पॉल स्ट्रँड आणि लिओ हर्विट्झ यांना सारा दोष भांडवलशाहीच्या पदरात घालायचा होता. लॉरेन्ट्झ यांना गवताची, नांगराची आणि माणसाच्या घाईची कथा सांगायची होती. हॉलीवूडच्या कंपन्यांनी जुनी दृश्ये देण्यास नकार दिला. किंग व्हिडोर या दिग्दर्शकाच्या मदतीने ती मिळवावी लागली. संगीत व्हर्जिल थॉमसन यांनी दिले. त्यात गुराख्यांच्या गाण्यांच्या चाली होत्या, तशाच चर्चमधील प्रार्थनांच्याही. जोडकाम लॉरेन्ट्झ यांनी स्वतः शिकत शिकत केले. अर्ध्या तासाहून कमी लांबीच्या या चित्रपटात एके ठिकाणी शेतातले ट्रॅक्टर आणि रणगाडे आलटून पालटून येतात. पुढे ढोलाच्या वाढत्या ठेक्यावर शेअरबाजाराचे भाव छापणारे यंत्र धडधडत राहते आणि अखेर कोसळते. युद्ध, भाव आणि धूळ यांचे नाते निवेदनाविना कळते. खर्च मात्र एकोणीस हजार डॉलरांच्या वर गेला. वाढीव खर्चातील काही भाग लॉरेन्ट्झ यांनी पदरचा घातला.

आणि मग एक गोष्ट उघड झाली, जी मंजुरीच्या वेळी कोणाच्या ध्यानी आली नव्हती. चित्रपट तयार होता, पण तो लोकांपर्यंत नेण्याची तरतूदच नव्हती. मे १९३६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मान्यवरांपुढे खेळ झाला, वाहवा झाली; परंतु सरकार आपल्या धंद्यात उतरते आहे या भीतीने मोठ्या वितरकांनी तो हाती घेतला नाही. न्यूयॉर्कच्या रिआल्टो चित्रगृहाने धाडस केले, मग स्वतंत्र चित्रगृहे पुढे आली. देशातील सुमारे चौदा हजारांपैकी तीन हजार चित्रगृहांत तो अखेर लागला. अनुदान देणाऱ्यांची ही चूक जुनी आहे आणि आजही होते: कलाकृती घडविण्याला पैसा मिळतो, ती पोहोचविण्याला मिळत नाही. पश्चिम भारतातील जैन श्रेष्ठी याबाबत अधिक जाणते म्हणावे लागतील. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या त्यांनी प्रतींमागून प्रती लिहवून घेतल्या आणि वाचनासाठी अर्पण केल्या. प्रत करविणे हेच तेथे दानाचे स्वरूप होते.

पुढच्या वेळी सुधारणा झाली. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील जंगलतोड, धूप आणि महापूर यांवरील ‘द रिव्हर’ या लॉरेन्ट्झ यांच्या १९३७ च्या चित्रपटाला पन्नास हजार डॉलर मिळाले, वितरण पॅरामाउंट कंपनीने केले, आणि १९३८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट माहितीपटाचा मान मिळाला.

पण खरा पेच पैशाचा नव्हताच. तो रागाचा होता. मैदानी राज्यांतील पुष्कळांना ‘नांगर’ अपमानास्पद वाटला. आपल्या मुलखाची बदनामी झाली, आता येथे कोण जमीन घेईल, कोण दुकान थाटेल, अशी ओरड झाली. टेक्सासच्या अलेक्झांडर होग या चित्रकाराने धुळीत बुडालेली शेते आणि मेलेली गुरे रंगविली, तेव्हा डॅलहार्ट गावच्या मंडळींनी पन्नास डॉलर वर्गणी काढली आणि एक चित्र विकत घेऊन जाळण्यासाठी माणूस डॅलसला धाडला, अशी हकीकत सांगतात. चित्राची किंमत दोन हजार डॉलर आहे असे कळल्यावर तो परत फिरला. हसू येते खरे. परंतु त्या मंडळींच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की ते हसू ओसरते. ज्यांची दुकाने, उधारी आणि गोदामे त्याच जमिनीवर उभी होती, त्यांना त्या जमिनीचे उघडे चित्र भिंतीवर कसे सोसावे?

दुसऱ्या बाजूचीही एक चूक येथे नोंदविली पाहिजे. मे १९३६ मध्ये साउथ डाकोटात रोथस्टाइन यांना बैलाची एक कवटी सापडली. प्रकाश आणि पार्श्वभूमी मनासारखी मिळावी म्हणून त्यांनी ती सुमारे तीन मीटर हलविली आणि निरनिराळी छायाचित्रे घेतली. ऑगस्टमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर निघाले असताना फार्गो शहरातील वृत्तपत्राने ती गोष्ट पहिल्या पानावर आणली: दुष्काळ बनावट आहे! दुष्काळ खोटा नव्हता, कवटीही खरीच होती. तरी तीन मीटरांच्या त्या हलवाहलवीने वर्षभराच्या प्रामाणिक कामावर संशयाची छाया पडली. मापात तोळाभर खोट सापडली की गिऱ्हाईक सारा कोठार संशयाने पाहते. लोकजागृतीसाठी थोडे रंगवून सांगावे, असा सल्ला देणारे हितचिंतक प्रत्येक संस्थेत असतात. त्यांना ही हकीकत सांगण्यासारखी आहे.

१९३९ मध्ये ‘नांगर’ वितरणातून काढून घेण्यात आला. १९९९ मध्ये तोच अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला. त्या छायाचित्रकारांची पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्हज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत आणि आजही कोणालाही पाहता येतात.

भारतात अशा कामासाठी पैशाची वाट मोकळी आहे, हे अनेक उद्योजक घराण्यांच्या लेखापालांना ठाऊक असेल. कंपनी कायदा २०१३ नुसार ज्यांचा निव्वळ नफा पाच कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, त्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्यासाठीच्या सातव्या परिशिष्टात चौथ्या कलमात माती, हवा व पाणी यांची गुणवत्ता राखण्याचा उल्लेख आहे आणि लगेच पाचव्यात कला व संस्कृतीचा. व्यवहारात मात्र माती म्हटले की बांध आणि रोपे, कला म्हटले की सभागृह आणि पुरस्कार, अशी वाटणी होते. इस्रोच्या २०१८-१९ च्या पाहणीनुसार देशाच्या भूभागापैकी सुमारे ३० टक्के जमिनीचा ऱ्हास झालेला आहे. तो विषय रंगमंचावर अभावानेच येतो.

आणि यावा, तर तो दूरचा असून चालणार नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठी शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत वर्षानुवर्षांच्या भरमसाट पाण्याने आणि उसामागून उसाने हजारो एकर जमीन क्षारपड झाली. वर पांढरा थर, खाली पाणी, आणि सातबारावर तेच नाव. या मुलखात जैन कुटुंबे शेतीत आहेत, तशीच गूळ, खते, बियाणे, पाइप यांच्या व्यापारातही आहेत. तेथे एखाद्या तरुण मंडळाने क्षारपडीवर लोकनाट्य बसवायचे ठरविले आणि खतांच्या व्यापाऱ्याकडे देणगी मागितली, तर त्या नाट्यात खताच्या दुकानाचा प्रवेश असणारच. तो प्रवेश गाळण्याच्या अटीवर दिलेला पैसा न देणेच बरे. उसाला दोष न देता क्षारपडीचे नाटक करायचे म्हणजे भावाला दोष न देता धुळीचा चित्रपट काढण्यासारखे आहे. दात्याने पाहायचे ते वेगळेच: तपशील जमिनीच्या जाणकाराने तपासला आहे का, तालमीच्या आणि वाद्यांच्या खर्चाबरोबर टेम्पोचे भाडे धरले आहे का, वीस गावांचे वीस प्रयोग ठरले आहेत का, आणि ते आडसाली उसाच्या लावणीआधी, म्हणजे जूनपूर्वी होणार आहेत का. लावण झाल्यावरचा प्रयोग त्या वर्षापुरता करमणुकीचाच राहतो.

प्रयोग गावासमोर व्हावा याला आणखी एक कारण आहे. क्षारपड जमीन सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करतात. हे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात क्वचितच असते. खर्चाचा भार मोठा असतोच. शिवाय एका शेतातून निघालेले खारे पाणी शेजाऱ्याच्या बांधातून, त्याच्या शेजाऱ्याच्या बांधातून असे करतच ओढ्यापर्यंत न्यावे लागते. त्यासाठी सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि मधल्या एकाने नाही म्हटले की पाइप तेथेच थांबतो.