उभ्या रानालाही मोल द्या

कोकणातल्या डोंगरउतारांवरचे बरेचसे रान सरकारी नाही, ते शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर आहे. ते साफ करून काजू किंवा आंब्याची कलमे लावली, तर लागवडीला अनुदान मिळू शकते. रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने १९९० पासून असंख्य घरांना आधार दिला, हे मान्यच. पण तेच रान मालकाने राखले तर त्याच्या हाती काय पडते? लाकडाच्या ठेकेदाराचे पैसे, तेही झाडे आडवी झाल्यावर. पाणी मुरवणारे, माती धरून ठेवणारे, खालच्या वाडीच्या विहिरीला आधार देणारे उभे रान सरकारी हिशेबात शून्य ठरते. राखलेल्या खासगी रानाचा मोबदला मालकाला दरवर्षी मिळायला हवा.

कोस्टा रिकाने हे १९९६च्या वनकायद्याने केले. तिथे जंगल तोडून जमिनीचा वापर बदलण्यास बंदी घातली आणि त्याच कायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे देण्याची सोय केली. त्यासाठी इंधनावरच्या कराचा वाटा वापरला. १९८०च्या दशकात देशाच्या जेमतेम चतुर्थांश भूभागावर उरलेले जंगल आज निम्म्याहून अधिक भूभागावर आहे. याचे सगळे श्रेय मोबदल्याला देता येणार नाही. गोमांसाचा धंदा मंदावल्याने कुरणेही ओस पडली होती. मात्र बंदीचा भार एकट्या मालकावर पडला नाही, हे महत्त्वाचे. आपल्याकडे वृक्षतोड नियमनाचा कायदा १९६४ पासून आहे, पण राखणाऱ्याला तो काहीच देत नाही. त्यामुळे रान ही मालकाला ठेव न वाटता अडचण वाटते.

यावर पहिला आक्षेप असा, की जे रान तसेही कोणी तोडणार नव्हते, त्यावर पैसा का उधळायचा? आक्षेप खरा आहे. कोस्टा रिकातही सुरुवातीचे बरेच पैसे तोडीचा धोका नसलेल्या जमिनींवर गेले. म्हणून रस्त्यालगतची आणि पाणवठ्यांच्या माथ्यावरची राने आधी घ्यावीत. दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. अमेरिकेत १९८५ पासून शेतजमीन पडीक राखण्यासाठी दहा-पंधरा वर्षांचे करार होतात, पण २००७ नंतर धान्याचे भाव चढले तेव्हा लाखो एकर पुन्हा नांगराखाली गेले. तेव्हा मोबदला बाजाराकडे पाहून वेळोवेळी वाढवावा लागेल. तिसरी अडचण खास कोकणातली: एका सातबाऱ्यावर डझनभर नावे, त्यातली निम्मी मुंबईत. इथे खातेदारांच्या गटाशी करार करून पैसे हिश्श्याप्रमाणे थेट खात्यात जावेत, आणि दरवर्षी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून व प्रत्यक्ष पाहणीतून खात्री झाल्यावरच जावेत.

पैसा कुठून आणायचा? प्रकल्पांसाठी वनजमीन देताना पर्यायी वनीकरणाचा निधी जमा होतो. नवी रोपे लावण्याइतकेच जुने रान वाचवणेही त्या निधीचे काम मानावे, नियम आड येत असतील तर ते बदलावेत. निसर्ग राखणाऱ्याला भरपाई देण्याचे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. जाळ्यात अडकलेले कासव किंवा देवमासा सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. निसर्ग वाचवताना गरिबाने एकट्याने नुकसान सोसू नये, हे समुद्रावर आपण मान्य केले आहे. डोंगरावरही तोच न्याय लागू व्हायला हवा.