विश्लेषण : दंगल शहरात, फटका खेड्यालाही! इंटरनेटबंदी, गोठलेली खाती आणि नागरिकांचे हक्क यांचा मेळ कसा बसणार?

अमरावतीत २०२१ मध्ये आणि अकोल्यात २०२३ मध्ये हिंसाचारानंतर इंटरनेट बंद करण्यात आले. अफवा रोखायच्या तर दुसरा इलाज नाही, असे प्रशासनाचे म्हणणे असते. पण आज पीक नोंदणीपासून कापसाच्या चुकाऱ्यापर्यंत सारे व्यवहार मोबाइलवर आले आहेत. सायबर सुरक्षेच्या नावाखाली उचललेले पाऊल कुणाच्या पोटावर पडते आणि कायदा त्याला कुठे आवर घालतो, याचा हा आढावा.

वऱ्हाडात नेमके काय घडले होते?

त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ १२ नोव्हेंबर २०२१ रोजी अमरावतीत मोर्चा निघाला. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. शहरात संचारबंदी लागू झाली, इंटरनेट बंद झाले आणि ही बंदी पुढे काही दिवस लांबली. अकोल्यात १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील एका पोस्टवरून जुन्या शहरात दोन गट भिडले. त्यात एकाचा बळी गेला. जमावबंदीपाठोपाठ तेथेही इंटरनेट थांबवण्यात आले. त्याच वर्षी मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात बीड, जालना भागातही हाच उपाय वापरला गेला.

शहरातील बंदीचा हिवरखेडशी काय संबंध?

हिवरखेड नावाची गावे अकोल्यातही आहेत आणि अमरावतीतही. एक तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, दुसरे मोर्शी तालुक्यातील संत्रापट्ट्यात. बंदीचा आदेश शहरापुरता असला तरी अशा गावांचा पैसा शहरातूनच फिरतो. ठोक व्यापारी, अडते, खत-बियाण्यांचे वितरक शहरात बसतात. त्यांचा मोबाइल बंद, तर गावातल्या दुकानदाराची उधारी अडकली आणि शेतकऱ्याचे पैसेही.

शिवाय सरकारनेच अनेक कामांचा रस्ता इंटरनेटवरून नेला आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर होते. भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकायचा, तर २०२५-२६ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करावी लागते. पीएम-किसान असो की लाडकी बहीण, ई-केवायसी चुकत नाही. नोंदणीच्या शेवटच्या दोन दिवसांत इंटरनेट बंद झाले, तर नुकसान फक्त गैरसोयीचे राहत नाही. हंगामाचा भाव हातचा जातो. एखाद्या सेवेची सक्ती करायची आणि ती सेवा मिळण्याची वाट आपणच बंद करायची, हा विरोधाभास धोरणात कुठेच हिशेबात धरलेला दिसत नाही.

इंटरनेट बंद करण्याचा अधिकार कुणाला?

हे आदेश आता दूरसंचार अधिनियम, २०२३ आणि त्याखालील नोव्हेंबर २०२४ च्या नियमांनुसार निघतात. राज्यात हा अधिकार गृह विभागाच्या सचिवांना आहे. आदेशात कारणे नमूद करावी लागतात, तो प्रसिद्ध करावा लागतो आणि एका आदेशाची मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची छाननी करणे अपेक्षित आहे.

या अटींमागे सर्वोच्च न्यायालयाचा १० जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन खटल्यातील निकाल आहे. इंटरनेटच्या माध्यमातून व्यक्त होणे आणि त्यावरून व्यापार-व्यवसाय करणे या दोन्हींना घटनेच्या अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे, असे न्यायालयाने सांगितले. बेमुदत बंदी चालणार नाही आणि उपाय धोक्याच्या प्रमाणातच हवा, असेही बजावले. म्हणजे हक्क आणि बाजार या दोन्ही बाजू एकाच निकालात आल्या आहेत.

बंदीने हिंसाचार थांबतो का?

अफवेचा वेग कमी होतो, हे खरे. जमाव गोळा होत असताना पहिले काही तास पोलिसांसाठी मोलाचे असतात, हेही नाकारता येत नाही. पण बंदीमुळे खुलासाही थांबतो. पोलिसांचे आवाहन पोहोचत नाही आणि तोंडी अफवा मात्र चालूच राहते. माहिती तंत्रज्ञानविषयक संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मधील अहवालात यावर बोट ठेवले होते. देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची नोंदच केंद्राकडे ठेवली जात नाही, याबद्दल समितीने नाराजी व्यक्त केली. सरसकट बंदीऐवजी निवडक सेवा रोखता येतील का, ते तपासावे, असेही सुचवले. औषधाचा गुण आला की नाही हे न पाहता तीच मात्रा पुन्हा पुन्हा देण्यासारखा हा प्रकार आहे.

मग सायबर सुरक्षेची गरज अतिरंजित आहे का?

अजिबात नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्लेखोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये काढून नेले. त्याआधी जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या सायबर हल्ल्याने जेएनपीटीतील एका टर्मिनलचे काम ठप्प केले होते. ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी जाते. ज्याला आपले पैसे सुरक्षित वाटत नाहीत, तो ऑनलाइन व्यवहार करणारच नाही. त्यामुळे सुरक्षा हीदेखील विकासाचीच अट आहे.

बँक खाती गोठवण्याचा वाद काय?

फसवणूक झालेल्या व्यक्तीने १९३० या क्रमांकावर तक्रार केली की पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले ती रोखण्याची व्यवस्था आहे. ती लाखमोलाची आहे; वेळेत तक्रार झाली तर पैसे वाचतात. पण त्या साखळीत किराणा दुकानदार किंवा कापूस विकलेला शेतकरीही येऊ शकतो. समोरच्याने दिलेले हजार रुपये चोरीचे आहेत, हे त्याला कळणार कसे? वादातली रक्कम हजाराची आणि गोठलेले खाते सगळेच. त्यात तक्रार परराज्यातील असेल तर चकरा कुठे मारायच्या, हाही प्रश्न. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पोलिसांनी कळवलेल्या संशयित रकमेपुरतीच रोख ठेवण्याचे निर्देश बँकांना दिले होते. हाच दंडक सर्वत्र लागू व्हायला हवा.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

कायद्याची भाषा सैल असली की काय होते, हे राज्याने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर मत मांडल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती फक्त ‘लाइक’ केली होती. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झाले. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आला. मात्र सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मोठी मुभा केंद्राकडे आहे. सेतू केंद्रावर आधार, बँक पासबुक आणि ओटीपी देऊन येणाऱ्या माणसाला हे संरक्षण खासगी कंपनीइतकेच सरकारपासूनही हवे.

तोल कसा साधता येईल?

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. बंदीचा प्रत्येक आदेश त्याच दिवशी मराठीत जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर आणि आकाशवाणीवर यावा. छाननी समितीचा निष्कर्ष प्रसिद्ध व्हावा. इंटरनेट जितके दिवस बंद, तितकी सरकारी नोंदणीची मुदत आपोआप वाढावी. खाते गोठवताना रक्कम, तपास अधिकारी आणि दाद मागण्याचे ठिकाण खातेदाराला लगेच कळवावे. आणि बंदी उठल्यावर तिने काय साधले, याचा जाहीर हिशेब द्यावा.

तोपर्यंत नागरिकांनी एवढे लक्षात ठेवावे : इंटरनेट नसतानाही *९९# या क्रमांकावरून साध्या फोनने बँक व्यवहार करता येतात, मात्र त्यासाठी मोबाइल क्रमांक खात्याशी जोडलेला हवा. आणि फसवणूक झालीच, तर लाजेखातर वेळ न दवडता आधी १९३० लावावा.